कट म्हणायचं राहिलं

पटकथा म्हणजे बिडीच्या पुडक्यामागे लिहिलेली एक ओळ:
दोघं. एक कुलूप. किल्ली कुणाकडेच नाही.
बाकीचं तुम्ही बोला, असं सांगून
मी स्टुलावर बसलो,
अशोक चौकामागे, गुंडेटींच्या बंद पडलेल्या कारखान्यात,
एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली.

अंबादासने तीस वर्षं माग चालवला.
आता कान गेलेत, त्यामुळे समोरचं माणूस
काय बोललं याची वाट न बघता उत्तर देतो.
त्याची अभिनयाची शाळा हीच.
राजेश्वरीवहिनींचं उलटं,
बिडी वळणारा हात थांबला की वाक्य थांबतं,
म्हणून सूप आणि तेंदूची पानं फ्रेममध्ये घेतली.

पहिल्या टेकला कुलूप देवळाचं होतं.
दुसऱ्याला पतपेढीचं, अध्यक्ष आतच.
तिसऱ्याला अंबादास म्हणाला, मी आत अडकलोय बे,
आणि बाहेर उभं राहून दार वाजवत बसला.
कॅमेऱ्यामागे इलियास हसला, चित्र हललं.
चौथ्यात मी मध्ये बोललो. चौथा वाया गेला.

दिग्दर्शन म्हणजे 'कट' हा शब्द
कडक भाकरीच्या तुकड्यासारखा
जिभेखाली धरून ठेवायचा,
आपोआप मऊ होईपर्यंत.

सातव्यात बोळातून आरोळी आली: पाणी आलं!
पाचव्या दिवसाचं पाणी.
वहिनी उठल्या, घागर घेऊन फ्रेमबाहेर.
मागोमाग आवाजवाला शांतवीर, माइक हातात तसाच चालू,
मग इलियास, त्याचंही घर तिकडेच.
कॅमेरा तिवईवर, लाल दिवा लागलेला.
आणि अंबादास, ज्याला आरोळी पोचलीच नाही.

त्याला वाटलं, हाही सीनच.
तो सुपाशी बोलू लागला. रुसलीस काय म्हणाला.
किल्ली खिशात शोधली, टोपीत शोधली,
पानं उलटून एकेका पानाखाली बघितलं,
मग कुलूप उचलून चांगल्यातल्या कानाला लावलं
आणि खूप वेळाने काहीतरी बोलला.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.
चित्रात अंबादास.
आवाजात नळ, बादल्या, तेलुगूत एक भांडण,
कन्नडमध्ये त्याचं उत्तर,
आणि शांतवीर, मावशी माझा नंबर होता.

रात्री वरच्या खोलीत चार तासांची अकरा मिनिटं करतो.
शेजारच्या शेडमधला माग भिंतीतून खटकत असतो,
मी नकळत त्याच्या तालावर कापतो
आणि सकाळी सगळं पुन्हा जोडतो.
या गावात कुणीही म्हणेल, विणण्यासारखंच की.
वडील जॉबर होते, ते म्हणाले, नाही.
विणकर मुद्दाम कधी तोडत नाही,
तुटलं तर गाठ मारतो.
मी तोडतो,
आणि गाठ दिसू नये म्हणून जागतो.

पतपेढीचा विनोद काढला. सगळ्यात भारी तोच होता.
त्याच्यानंतर लोक इतके हसले असते
की वहिनींचं पुढचं हळू वाक्य बुडालं असतं.
काढलेल्या तुकड्यांचं फोल्डर उघडून
तो मी अजून एकटाच बघतो.

अंबादासला बोलावलं, म्हटलं, सातव्यातलं पुन्हा बोल,
वरून आवाज चढवू.
पाच वेळा बोलला, पाच वेगळ्या गोष्टी.
ओठांना एकही बसली नाही.
शेवटी भांडण तसंच ठेवलं, बादल्या तशाच.

गच्चीवर दाखवला. पांढरं कापड मिळालं नाही,
चादरच टांगली, उलट्या बाजूने,
सगळ्यांच्या तोंडावर फिकट मोर.
माणसं नको तिथे हसली.
जिथे मी तीन रात्री घालवल्या तिथे
कुणीतरी शेंगा फोडत होतं.
पण सातव्याला गच्ची गप्प झाली,
आणि मग एकदम,
शांतवीरच्या नंबरावर, फुटली.

अंबादास माझ्याकडे वाकला.
काय म्हणालो रे मी तिथं, कुलपाला?
मी तिथेच होतो, चार हातांवर.
मला आठवेना.
मनातून काहीतरी बनवून सांगू लागलो
आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत
तो मांडी थोपटत हसला.